उरलेल्या श्रवणशक्तीचे जतन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गंगापूर रोड, नाशिक येथील सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ. वक्ते कान-नाक-घसा शल्यविशारद आहेत.)



कॉक्लिअर इम्प्लांट या विषयावर बोलावे, अशी विश्वस्तांची सूचना होती. विषय फार मोठा आहे. म्हणून मी त्याचा एक लहानसा, परंतु प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा भाग आज निवडला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या कानात जे थोडेफार ऐकणे शिल्लक असते, त्याचे शस्त्रक्रियेनंतर काय होते, आणि ते राखता येते काय, एवढाच तो भाग.

हाच भाग का, असे कुणी विचारील. आईवडिलांशी शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली की मला पहिल्यांदा खर्च विचारला जाईल, असे पूर्वी वाटे. प्रत्यक्षात पहिला प्रश्न निराळाच असतो. बहुधा तो घरातली आजी विचारते. "डॉक्टरसाहेब, आमच्या नातवाला अगदीच ऐकू येत नाही असे नाही. ढोल वाजला की तो वळून पाहतो. ऑपरेशन करून तेवढेही गेले तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगभरच्या कानाच्या शल्यविशारदांनी गेली तीस वर्षे ज्या प्रश्नावर डोके झिजविले, तोच हा प्रश्न आहे.

तो समजण्यासाठी अंतर्कर्णाची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्या कानाच्या अगदी आत, कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात, गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्याला अडीच ते पावणेतीन वेटोळी असतात. वेटोळी सोडवून सरळ केली तर त्याची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. या शंखात द्रव असतो आणि त्या द्रवात सूक्ष्म केस असलेल्या पेशी रांगेने उभ्या असतात. ध्वनीची लहर आली की या केसपेशी हलतात, त्यांच्या हालचालीतून विद्युत्संदेश निर्माण होतो आणि तो श्रवणतंतूंवाटे मेंदूकडे जातो. ज्या केसपेशी मेंदूला मुख्यतः संदेश पाठवितात, त्यांची संख्या प्रत्येक कानात जेमतेम साडेतीन हजार असते. जन्मभराची पुंजी तेवढीच! पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, मनुष्यामध्ये उगवत नाहीत.

या शंखाची एक खुबी आहे. प्रत्येक स्वराची जागा त्यात ठरलेली असते. तोंडापाशी, म्हणजे जेथून ध्वनी आत शिरतो तेथे, उंच पट्टीचे स्वर ऐकले जातात, आणि सर्वांत आतल्या टोकाशी खर्जाचे स्वर. ध्वनीची लहर या शंखातून कशी प्रवास करते, हे उलगडून दाखविल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता होते असे, की वय, गोंगाट, काही औषधे, काही आनुवंशिक दोष यांचा पहिला घाव बहुधा शंखाच्या तोंडापाशी पडतो. उंच स्वर आधी जातात, खर्जाचे उरतात. आजीबाईंचा नातू ढोलाला वळून पाहतो आणि कुकरच्या शिट्टीला पाहत नाही, त्याचे कारण हे आहे.

बोलण्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे बऱ्याच अंशी खालच्या पट्टीत असतात. स, श, त, क, प, ठ अशा व्यंजनांची ओळख उंच पट्टीत असते. ज्याचे केवळ खर्जाचे ऐकणे शिल्लक आहे, त्याला कुणीतरी बोलत आहे हे कळते, बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, रागावला आहे की लाडाने बोलतो आहे हेही कळते. काय बोलतो आहे हे मात्र कळत नाही. आपल्यापैकी बरेच जण व्यापारी आहेत म्हणून उदाहरण देतो. गिऱ्हाइकाने 'साठ' म्हटले तर अशा कानाला 'आठ' ऐकू येते. श्रवणयंत्राने आवाज मोठा करून दिला तरी आठाचे साठ होत नाहीत, कारण जेथे 'स' ऐकायचा त्या जागी पेशीच नाहीत. मग घरचे म्हणतात, "मशीन घातले तरी यांना नीट ऐकू येत नाही, यांचे लक्षच नसते." यात त्या माणसाचा दोष नसतो. पेशी नसलेल्या जागी कितीही मोठा आवाज नेऊन सोडला तरी त्याचा शब्द होत नाही.

येथे मला आपल्याच तत्त्वज्ञानातील एका गोष्टीचे स्मरण होते. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांच्या क्रमात श्रोत्र हे सर्वांत शेवटी लाभणारे इंद्रिय मानले आहे, हे आपण जाणताच. पण तत्त्वार्थसूत्रात इंद्रियाचे जे भेद सांगितले आहेत, ते मला वैद्य म्हणून अधिक विचार करायला लावतात. द्रव्येंद्रियात निर्वृत्ती आणि उपकरण, भावेंद्रियात लब्धी आणि उपयोग. मी पंडित नाही आणि या विषयातील अधिकारी मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा चुकल्यास क्षमा असावी. परंतु इंद्रियाची आकृती वेगळी, तिला साहाय्य करणारे साधन वेगळे, जाणण्याची क्षमता वेगळी आणि त्या क्षमतेचा प्रत्यक्ष व्यापार वेगळा, हा विवेक आमच्या रोजच्या कामात पदोपदी उपयोगी पडतो. ज्याच्या कानाचे साधन बिघडले आहे त्याची जाणण्याची क्षमता संपली, असे होत नाही. बहिऱ्या मुलाला मंदबुद्धी समजणाऱ्या नातेवाइकांना मी हेच सांगतो, आणि आपल्या समाजात ते पटकन पटते.

आता इम्प्लांटकडे वळू. केसपेशी गेल्या तरी श्रवणतंतू पुष्कळदा जिवंत असतात. त्या तंतूंना थेट विजेचा सूक्ष्म संदेश द्यावयाचा, ही या उपचाराची मूळ कल्पना. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी तिचा पहिला प्रयोग केला. १९६१ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांचे वडील स्वतः कानाने अधू होते. अनेक विद्युद्‌वाहिन्या असलेली तार या वेटोळ्यांत शिरवायची कशी, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. समुद्रकिनारी सुटीवर असताना त्यांनी एका शंखात गवताचे पाते सारून पाहिले. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असलेले पाते अलगद आत वळत गेले. पुढे १९७८ साली मेलबर्न येथे त्यांनी अनेक वाहिन्यांचे इम्प्लांट बसविले. ही गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण आजच्या आपल्या विषयाचे मर्म त्या गवताच्या पात्यातच आहे. तार जितकी मऊ, तितका शंख सुरक्षित.

भारतात ही विद्या रुजविणाऱ्या अग्रणींमध्ये मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव आदराने घेतले जाते. २०१४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. महाराष्ट्रातील माझ्या पिढीच्या कित्येक शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा मुंबईतच पाहिली.

सुरुवातीच्या काळात मात्र एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती. ज्या कानात तार घातली, तो कान नैसर्गिक ऐकण्याच्या दृष्टीने संपला. म्हणून अगदी ठार बहिऱ्या माणसालाच इम्प्लांट द्यावे, असा नियम होता. ज्यांचे थोडे उरले आहे ते धड ना श्रवणयंत्राचे, धड ना इम्प्लांटचे, असे मध्येच लोंबकळत राहात. १९९३ साली जर्मनीतील हॅनोव्हरचे एर्न्स्ट लेनहार्ट यांनी ही शस्त्रक्रिया अत्यंत हळुवारपणे कशी करावी, याची पद्धत मांडली. १९९९ साली फ्रँकफुर्टच्या क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. एकाच कानात खर्जाचे ऐकणे नैसर्गिक, श्रवणयंत्राच्या साहाय्याने, आणि वरच्या पट्टीचे ऐकणे इम्प्लांटच्या विजेने! अमेरिकेत आयोवा येथे ब्रूस गँट्झ यांनी केवळ १० मिलिमीटर लांबीची आखूड तार वापरून पाहिली. पोलंडमध्ये हेन्रिक स्कार्झिन्स्की यांनी २००२ पासून अर्धवट बहिरेपणाच्या रुग्णांवर याच दिशेने काम केले. या संयुक्त पद्धतीच्या उपकरणांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ आणि २०१६ मध्ये मान्यता दिली.

हे शक्य होते ते शंखाच्या त्याच खुबीमुळे. तार तोंडाकडून आत जाते. तोंडाकडचा भाग आधीच निकामी झालेला असतो, जिवंत पेशी आतल्या टोकाशी असतात. ओसाड पडलेल्या ओसरीतून जाऊन माजघराच्या उंबऱ्यापाशी थांबावे, तसे हे आहे. अर्थात सांगणे सोपे. या शंखातला द्रव दोन थेंबांहूनही थोडका असतो आणि ज्या पडद्यावर केसपेशी बसलेल्या असतात तो कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक असतो. तारेचे टोक किंचित वर चढून तो पडदा फाटला, तर उरलेले ऐकणे त्या क्षणी गेले.

म्हणून शल्यविशारद काय करतो, ते थोडक्यात सांगतो. कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याची हालचाल करणाऱ्या मज्जातंतूला धक्का न लावता, मध्यकर्णात वाट काढली जाते. तेथे शंखाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची एक नैसर्गिक गोल खिडकी असते. शक्यतो त्या खिडकीतूनच तार आत घातली जाते. ड्रिलची फिरकी शंखाजवळ जितकी कमी फिरेल तितके बरे, कारण ड्रिलचा नाद हाडातून थेट आत जातो. हाडाचा चुरा आणि रक्ताचा थेंब शंखात पडू द्यायचा नाही. आतला द्रव शोषून घ्यायचा नाही. आणि मग तार सारायची, अतिशय सावकाश. जे काम काही सेकंदांत उरकता येते त्यास मुद्दाम एक-दोन मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ द्यायचा. आमच्या शास्त्रात चपळ हाताचे कौतुक फार होते. या एका टप्प्यावर मात्र मंद हाताचा सर्जन मला अधिक भरवशाचा वाटतो. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर सूज उतरविण्यासाठी स्टिरॉइड औषध दिले जाते. काही केंद्रांत तार आत जात असतानाच कानात बारीक ध्वनी सोडून जिवंत पेशींचा प्रतिसाद पडद्यावर पाहतात. प्रतिसाद मंदावला की थांबायचे, तार किंचित मागे घ्यायची. तार सारण्यासाठी आता यंत्रमानवाचे साहाय्यही काही ठिकाणी घेतले जाते. उपकरण चांगलेच आहे, पण ते नसले म्हणजे शस्त्रक्रिया कमअस्सल, असे कुणी समजू नये.

एवढे सारे केल्यावर ऐकणे उरते का? आपल्याला मी सत्य तेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०१४ साली ज्या आखूड तारेच्या इम्प्लांटला मान्यता मिळाली, त्याच्या चाचणीत ५० रुग्ण होते. त्यांपैकी २२ जणांचे खालच्या पट्टीचे ऐकणे त्या कानातून जवळपास किंवा पूर्णपणे गेले आणि ६ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करून नेहमीचे इम्प्लांट बसवून घ्यावे लागले. तेव्हापासून तारा अधिक मऊ झाल्या, हात अधिक सरावले आणि निकाल सुधारले आहेत. तरीही कोणत्याही प्रामाणिक सर्जनला "शंभर टक्के राखून देतो" असे म्हणता येणार नाही. तसे कुणी म्हणाले, तर आपण दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

दुसरी गोष्ट, जी रुग्णांना आधी सांगितली जात नाही आणि मग मनस्ताप होतो. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने ऐकणे शाबूत आढळले, म्हणजे ते कायमचे राखले गेले, असे नसते. काहींचे ते सहा महिन्यांनी, काहींचे दोन-तीन वर्षांनी हळूहळू उतरते. शरीर परकी वस्तू ओळखते आणि तारेभोवती तंतूंची जाळी विणते, क्वचित हाडही तयार होते. त्यामुळे शंखातल्या पडद्याची लवचिकता कमी होते. शिवाय मूळचा आजार आपले काम करीतच असतो. या जाळ्या होऊ नयेत म्हणून तारेतूनच हळूहळू स्टिरॉइड झिरपत राहील, अशा तारांचे प्रयोग माणसांवर सुरू झाले आहेत.

मग तार आखूड घ्यावी की लांब? आखूड तारेने उरलेल्या पेशी वाचण्याची आशा अधिक, पण पुढे ते ऐकणे गेलेच, तर खर्जाच्या जागेपर्यंत तार पोहोचलेलीच नसते. लांब तारेचे नेमके उलट. माझा स्वतःचा कल असा आहे की, ज्याचे ऐकणे वर्षानुवर्षे स्थिर आहे त्याला आखूड किंवा मध्यम तारेचा विचार करावा, आणि ज्याचे दरवर्षी उतरत आहे त्याला लांब पण अतिशय मऊ तार द्यावी. याबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. नातवाला ढोल ऐकू येतो, पण शब्द ऐकू येत नाहीत, आणि चांगले श्रवणयंत्र काही महिने नियमित वापरून व शिकवणी देऊनही भाषा येत नसेल, तर ढोलासाठी शब्द गमावू नयेत. भाषा शिकण्याची मेंदूची वेळ पहिल्या तीन-चार वर्षांत असते आणि ती थांबत नाही. जन्मानंतर एका महिन्याच्या आत कानाची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, असा दंडक आज जगभर मानला जातो. उरलेले ऐकणे जपण्याच्या नावाखाली मूल सात वर्षांचे होईपर्यंत थांबणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. जपले काय, तर ढोलाचा आवाज! परंतु उलट बाजूही तितकीच खरी. "तसेही ऐकू येत नाहीच, मग कशीही तार घाला" असे कोणत्याही सर्जनने समजू नये. मुलापुढे सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य आहे. त्यात एक-दोनदा इम्प्लांट बदलावे लागू शकते. २०२४ साली शांघाय येथील डॉक्टरांनी ऑटोफर्लिन नावाच्या जनुकाच्या दोषाने जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांच्या कानात निर्दोष जनुक सोडून त्यांना ऐकू आल्याचे प्रसिद्ध केले. हा दोष विरळा आहे, सर्व बहिरेपणावर हा उपाय नाही. तथापि उद्या काय येईल सांगता येत नाही, आणि जे येईल ते शाबूत शंखातच उपयोगी पडेल.

मोठ्या माणसांचा हिशेब थोडा निराळा आहे. त्यांच्याकडे भाषा आधीपासून असते. त्यांना खर्जाचे उरलेले ऐकणे फार मोलाचे ठरते, कारण इम्प्लांटच्या १२ ते २२ वाहिन्यांतून शब्द चांगले समजतात, सूर मात्र नीट उमटत नाही. केवळ इम्प्लांटवर ऐकणारे कित्येक जण सांगतात की स्तवनाचे शब्द कळतात, चाल ओळखू येत नाही. खर्जाचे नैसर्गिक ऐकणे जोडीला असले की चाल परत येते, गर्दीत एकाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो. लग्नाच्या पंगतीत बसून शेजारच्याशी बोलता येणे, ही गोष्ट ज्याची गेली आहे त्यालाच तिची किंमत ठाऊक.

या संदर्भात एका कानाचा विसर सर्वांनाच पडतो. आपल्याकडे खर्चामुळे बहुतेकांना एकाच कानात इम्प्लांट बसते. दुसऱ्या कानात थोडेफार ऐकणे असते. शस्त्रक्रिया झाली की त्या कानाचे श्रवणयंत्र कपाटात जाते. "आता मोठे मशीन बसले, हे कशाला?" असे कृपया करू नका. दुसऱ्या कानातले उरलेले ऐकणे राखायला कोणतीही शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त यंत्र रोज घालावे लागते. न वापरलेल्या कानाकडे मेंदू पाठ फिरवतो. नाशिकमध्ये श्री माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय यांसारख्या संस्थांनी कर्णबधिर मुलांसाठी घेतलेले परिश्रम आपण जाणता. तेथील शिक्षकांना विचारा, दोन्ही कान कामाला लावणाऱ्या मुलाचा फरक ते सांगतील.

शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे ऐकणे उरले आहे त्यांनी त्याची नोंद ठेवली पाहिजे. पहिल्या वर्षात तीन-चार वेळा आणि त्यानंतर दरवर्षी ऑडिओग्राम करून घ्यावा व सर्व कागद एकाच फाइलीत लावावेत. एकाएकी ऐकणे कमी झाले, कानात नवा नाद सुरू झाला, चक्कर आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दोन-चार दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर औषध दिल्यास कधी कधी ऐकणे परत येते. लहान मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानातला साचा सैल होतो व शिट्टी वाजू लागते. मग आई यंत्रच बंद करते. साचा बदलावा, यंत्र बंद करू नये. कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात गेल्यावर "मला कानाचे इम्प्लांट आहे" हे आधी सांगावे. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या औषधांनी केसपेशींना इजा होऊ शकते. जीव वाचविण्यासाठी ती द्यावीच लागली तर गोष्ट वेगळी. एमआरआय तपासणीपूर्वीही हे सांगणे अत्यावश्यक आहे, कारण आत लोहचुंबक असते. मेंदूज्वर टाळण्यासाठी न्यूमोकोकसची लस शस्त्रक्रियेपूर्वीच घेतली पाहिजे.

आणि गोंगाट. आपल्या नाशिकचा ढोल महाराष्ट्रभर गाजतो, याचा मलाही अभिमान आहे. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि ८५ डेसिबेलच्या आवाजात आठ तासांहून अधिक काळ राहणे कानाला घातक मानले जाते. त्यापुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबेलला जेमतेम पंधरा मिनिटे! स्पष्ट बोलतो, रागावू नये. आपल्या तपस्व्यांच्या वरघोड्यातही अलीकडे बँडबरोबर मोठमोठे स्पीकर येऊ लागले आहेत. त्यांच्या मागेपुढे चालणाऱ्या बालकांच्या कानातल्या साडेतीन हजार पेशींचा विचार अहिंसेच्या विचारात बसतो की नाही, हे आपणच ठरवावे. ज्यांच्याकडे आधीच थोडे उरले आहे, त्यांनी अशा ठिकाणी जाऊच नये.

एक प्रश्न मला आपल्या समाजातच विचारला जातो. सामायिकात, प्रतिक्रमणात हे यंत्र कानावर ठेवावे का? त्यात वीज आहे. धर्माच्या बाजूने उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही, तो गुरुभगवंतांचा. प्रत्येकाने आपापल्या परंपरेप्रमाणे त्यांना विचारावे. वैद्यकीय बाजू सांगू शकतो. प्रौढ माणसाने ४८ मिनिटे यंत्र काढून ठेवल्याने उरलेल्या ऐकण्याला काहीही इजा होत नाही. मात्र नुकतेच ऐकायला शिकणाऱ्या बालकाचे यंत्र दिवसच्या दिवस काढून ठेवू नये, त्याचे शिकणे मागे पडते. काही परंपरांत साधू-साध्वीजी माईकचा वापर करीत नाहीत. तेथे आमची श्रवणदोष असलेली वडीलधारी मंडळी व्याख्यानाला येतात, मागे बसतात, ओठांची हालचाल पाहतात आणि काहीही न ऐकता उठून जातात. मी स्वतः हे पाहिले आहे. त्यासाठी यंत्राची गरज नाही. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, पंखा थोडा वेळ बंद ठेवावा आणि लहान मुलांना बाहेर खेळू द्यावे. श्रावक या शब्दाचा अर्थच ऐकणारा असा आहे. ऐकायला आलेल्याला मागची रांग का द्यायची?

शेवटी ट्रस्टकडे एक विनंती. शस्त्रक्रियेसाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात. शासनाच्या एडिप योजनेत २०१४ साली लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली होती. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे, जी १९८३ साली स्थापन झाली, तिचे काम सोपविण्यात आले. वयाच्या व उत्पन्नाच्या अटी आहेत, पण मार्ग आहे. अडचण त्यानंतर येते. हमीची मुदत संपली की बॅटरी, वायर, कॉइल, साचा यांचा खर्च कुटुंबावर पडतो. बाहेरचे यंत्र जुने झाले की ते बदलायला लाखांत पैसे लागतात. सिन्नर-निफाडकडच्या एखाद्या शेतमजुराच्या मुलाचे लाखो रुपयांचे इम्प्लांट शे-पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी महिनोन्‌महिने बंद राहू शकते. मुंबई-पुण्याला मॅपिंगसाठी जायचे, तर एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वेगळेच. बंद पडलेल्या यंत्राचा फोटो स्मरणिकेत छापता येत नाही, म्हणून देणगीदारही मिळत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून ट्रस्टने नव्या शस्त्रक्रियांच्या बरोबरीने एक लहान दुरुस्ती निधी वेगळा काढावा, असे मी सुचवितो. त्यातून वर्षाला वीस-पंचवीस मुलांच्या बॅटऱ्या, वायरी, साचे आणि वार्षिक ऑडिओग्राम एवढे झाले तरी पुष्कळ आहे. यातील ऑडिओग्राम मी माझ्या दवाखान्यात विनामूल्य करून देईन. नावनोंदणीसाठी ट्रस्टच्या कार्यालयात एक वही ठेवली तर पुढच्या महिन्यापासून आरंभ करता येईल.

काही प्रश्न असतील तर त्यांना वेळ देतो.